आधी भांडं सांगा, मग औषध

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्या पेपरात एका वाचकांचं पत्र आलेलं की हल्लीच्या नर्सिंगच्या मुलींना साधं गणित येत नाही, औषध किती आणि पाणी किती ते पण मोबाईलवर बघतात वगैरे. वाचून दोन दिवस गप्प बसले, मिस्टर म्हणाले सोड ना, पण राहवेना म्हणून लिहितेय. मी ३१ वर्षं सरकारी नोकरीत स्टाफ नर्स होते, शेवटची सहा वर्षं इन्चार्ज, सगळी सर्व्हिस सिंधुदुर्गातच. आता कुडाळजवळ गावी असते आणि वाडीतल्या दोन-तीन पोरी, कोणी एएनएम करतेय कोणी जीएनएम (दोन्ही नर्सिंगचेच कोर्स), संध्याकाळी वह्या घेऊन आमच्या पडवीत येऊन बसतात. त्यामुळे या पोरींना काय येतं आणि काय नाही ते मला जरा जास्त माहीत आहे असं समजा.

तर त्यांना गणित येतं. दहावीला बऱ्यापैकी मार्क पडलेत. अडतं कुठे ते सांगते. वहीत लिहिलेलं असतं '१:४ डायल्यूशन तयार करा', म्हणजे औषध पाणी घालून पातळ करा, आणि पुढे एक इंग्रजी सूत्र, सी वन व्ही वन बरोबर सी टू व्ही टू (सी म्हणजे औषधाची ताकद, व्ही म्हणजे माप). पोर सूत्र पाठ म्हणून दाखवते आणि मग बादलीसमोर उभी राहिली की गप्प. कारण १:४ म्हणजे एक भाग औषध आणि चार भाग पाणी, की एकूण चार भागांत एक भाग औषध, हे कुणी सांगितलेलंच नसतं. आणि गंमत म्हणजे शिकवणाऱ्या दोन सिस्टर असतील तर दोघींची दोन उत्तरं असतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

मी पोरींना स्वयंपाकघरात नेलं. कोकमाचं सिरप काढलं आणि एकीला म्हटलं एकास चार करून दे. तिने एक वाटी सिरप, चार वाट्या पाणी घातलं, पाच वाट्या सरबत झालं. दुसरीला म्हटलं आता चारात एक कर. तिने पातेल्यात आधी एक वाटी सिरप घेतलं, मग तीनच वाट्या पाणी, एकूण चार. दोन्ही प्यायला दिली, दुसरं जास्त आंबट-गोड लागलं. पहिल्यात सिरप २०%, दुसऱ्यात २५%. सूत्र न मांडता जिभेने कळलं. आता हेच वॉर्डातल्या हायपोचं, म्हणजे सोडियम हायपोक्लोराईट, जे रक्तबिक्त सांडलं की फरशीवर टाकतो. कॅनमधलं ५% असेल आणि आपल्याला १% पाहिजे असेल तर एक भाग हायपो आणि चार भाग पाणी. 'चारात एक' केलं तर होतं सव्वा टक्का. म्हणाल त्याने काय बिघडतं, फरशीच तर आहे. बरोबर, तिथे फार नाही बिघडत. पण हायड्रोजन पेरॉक्साईड ६% चं ३% करायचं आणि कागदावर १:१ लिहिलेलं असेल, तर 'एकात एक' वाचणाऱ्याने पाणीच घालायचं नाही की काय? आकडा जितका लहान तितका हा घोळ मोठा. १:१००० ला एक भाग इकडे की तिकडे काही फरक नाही, तिथे घोळ वेगळाच असतो, तो शून्याचा. एक शून्य जास्त पडलं की औषध दहा पट पातळ, कमी पडलं की दहा पट कडक.

आणि हा घोळ फक्त आपल्याकडच्या पोरींचाच आहे असं समजू नका. अॅड्रिनॅलिन, म्हणजे जीवावर बेतलं की द्यायचं इंजेक्शन, त्याच्या अँप्युलवर (काचेच्या छोट्या कुपीवर) १:१००० आणि १:१०००० असं लिहायचे. १:१००० म्हणजे १ ग्रॅम औषध १००० मिलीमधे, म्हणजे १ मिलीत १ मिलिग्रॅम. १:१०००० म्हणजे १ मिलीत ०.१ मिलिग्रॅम. पेशंट समोर निळा पडत असताना हे डोक्यात करायचं म्हणजे बघा. अमेरिकेत शेवटी २०१६ पासून असल्या इंजेक्शनच्या लेबलवरून ही गुणोत्तरं काढूनच टाकली आणि सरळ १ मिलीत किती मिलिग्रॅम ते लिहायला लावलं. तिथल्या शिकलेल्या डॉक्टर-नर्सेसना जे जड जात होतं ते आमच्या वाडीतल्या पोरीला जड गेलं तर लगेच पेपरात पत्र?

आता आमच्या काकांचं ऐका. शिक्षण चौथी. सुपारीची बाग आहे, दर वर्षी पावसाच्या तोंडावर कोळेरोगासाठी (सुपारी कुजून गळते तो रोग) बोर्डो फवारतात. १% बोर्डो. त्यांना टक्का म्हणजे काय विचारलं तर हसतील, पण करतात बरोब्बर, 'शंभर लिटरला एक किलो मोरचूद, एक किलो चुना'. काजूवर फवारणी करणारा पण म्हणतो 'पंपाला एवढे मिली'. बघा, आपली माणसं कधीच एकास चार बोलत नाहीत. आधी भांडं सांगतात, पंपाला, कळशीला, पिंपाला, आणि मग औषध. भांडं ठरलं की एकूण किती ते ठरलं आणि मग घोळ होतच नाही. मला एवढंच म्हणायचंय की वॉर्डात पण असंच लिहा. भिंतीवर '१% हायपो १:४' चा कागद लावण्यापेक्षा '५ लिटरच्या बादलीला १ लिटर हायपो (कॅनवर ५% असेल तर), बाकी पाणी रेषेपर्यंत' असं मराठीत लिहा आणि बादलीला आतून बाहेरून दिसेल अशी ऑइलपेंटने रेष मारा. मी माझ्या वॉर्डात मारली होती. पांढऱ्या बादलीला लाल रेष. साहेबांनी राउंडला विचारलं ही काय रांगोळी काढलीय, म्हटलं सर रात्रपाळीच्या मावशी पण आता बरोबर करतात.

सूत्र नको असं नाही म्हणत मी. पोरींना मी ते मराठीत करून दिलंय, 'पाहिजे भागिले आहे गुणिले एकूण'. २% पाहिजे, ५% आहे, एकूण १ लिटर करायचंय, तर २ भागिले ५ गुणिले १००० म्हणजे ४०० मिली औषध आणि उरलेलं ६०० पाणी. बस. आणि भागाकार उलटा झाला तर लगेच कळतं कारण ५ भागिले २ केलं तर अडीच लिटर औषध येतं एक लिटरच्या भांड्यात, ते कसं मावणार.

मी स्वतः काय कमी चुका केल्यात का. ट्रेनिंगला पहिल्या वर्षी सिस्टर म्हणाल्या, २% लिग्नोकेन (जागा बधिर करायचं औषध) आहे, मला १% चं १० मिली करून दे. मी १० मिली औषध घेतलं, त्यात १० मिली डिस्टिल्ड वॉटर घातलं आणि ऐटीत २० मिलीची सिरिंज घेऊन गेले. ताकद बरोबर होती, १% च झालेलं, पण माप दुप्पट. सिस्टर म्हणाल्या उरलेली काय आता तुझ्या आजीला देऊ? पाच मिली औषध आणि पाच मिली पाणी हवं होतं. त्या दिवसापासून मी एकूण किती ते आधी विचारते आणि मगच बाटली उघडते. त्याच लिग्नोकेनवर अजून एक गोष्ट शिकायची असते जी निम्म्या मुलींची चुकते, २% म्हणजे १ मिलीत २ मिलिग्रॅम नव्हे, २० मिलिग्रॅम. टक्का म्हणजे १०० मिलीत इतके ग्रॅम, म्हणून शंभर मिलीत २ ग्रॅम, २००० मिलिग्रॅम, भागिले शंभर. टक्क्याला दहाने गुणा की एका मिलीचे मिलिग्रॅम आले. ५% डेक्स्ट्रोज असेल तर मिलीला ५० मिलिग्रॅम, ०.९% सलाईन असेल तर मिलीला ९ मिलिग्रॅम मीठ, म्हणजे लिटरला ९ ग्रॅम. एवढं एक कळलं की अर्धी वही संपते.

पण कागदावरचं गणित बरोबर आलं म्हणून बादलीतलं बरोबर असेल असं पण नाही, आणि हे कोकणात राहणाऱ्यालाच कळेल. ब्लीचिंग पावडर, म्हणजे आपल्याकडे सगळे जिला टीसीएल म्हणतात ती, तिच्यात क्लोरीन असतो साधारण ३०-३३%. हायपोचा कॅन संपला की पावडरीपासून १% करायचं तर १ भागिले ३० गुणिले १०००, म्हणजे लिटरला ३३ ग्रॅम. पुस्तकात असंच आहे. आता तुम्ही जुलै महिन्यात आमच्याकडे या. भिंतींना ओल, कपाटातल्या चपलांना बुरशी, काडेपेटी पेटत नाही. एके ठिकाणी, नाव नको, मी बदलून गेले तेव्हा स्टोअरमधे टीसीएलची गोणी तोंड उघडं ठेवून कोपऱ्यात होती, कधीची कोण जाणे. हात घातला तर ओले गोळे. वास घेतला तर नाकाला झोंबलंच नाही, चुन्याच्या निवळीसारखा वास. क्लोरीन कधीच उडून गेला होता आणि रोज सकाळी ३३ ग्रॅम मोजून, वजनकाट्यावर बरं का, अगदी नियमाने बादली भरली जात होती. गणित शंभर टक्के बरोबर आणि बादलीत नुसतं चुन्याचं पाणी. मी तक्रार केली, मग नवीन गोणी आली ती झाकणाच्या प्लास्टिकच्या ड्रममधे ठेवली, पण तोपर्यंत किती दिवस तसेच गेले असतील. सूत्रातलं 'आहे' म्हणजे बाटलीत आज खरंच किती आहे ते, लेबलवर छापलंय ते नव्हे. बनवलेलं पाणी पण उद्याला ठेवायचं नाही, रोजचं रोज, आणि उन्हात तर अजिबात नाही. आणि बाथरूम धुवायचं अॅसिड त्यात मिसळायचं नाही, विषारी गॅस होतो, घरी पण हे लक्षात ठेवा.

लेबलवरून आठवलं, फॉर्मेलिनचं. ऑपरेशनमधे काढलेला तुकडा तपासायला पाठवतात तो १०% फॉर्मेलिनमधे. पोरी त्याला १०% फॉर्माल्डिहाइड समजून सूत्रात घालतात आणि उत्तर भलतंच येतं. बाटलीतलं मूळ फॉर्मेलिन म्हणजेच जवळजवळ ४०% फॉर्माल्डिहाइड, त्याचा एक भाग आणि नऊ भाग पाणी, म्हणजे खरा गॅस ४% च. नाव १०, आत ४.

आता घरातल्या लोकांसाठी दोन गोष्टी, कारण तुमचा पेपर नर्सेसपेक्षा इतर लोक जास्त वाचतात. एक चिखल्यांची. लावणीच्या दिवसात दिवसभर चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्या कुजतात, मग कुणीतरी सांगतं पोटॅश परमँगनेटमधे पाय बुडव. बरोबर सांगतं. पण प्रमाण १:१००००, म्हणजे दहा लिटर पाण्याला १ ग्रॅम. घरी ग्रॅम कोण मोजणार, म्हणून रंगावर जायचं, फिक्कट गुलाबी झालं की थांबायचं. आमच्या शेजारच्या आबांनी अख्खी पुडी टमरेलात ओतली, वांग्यासारखं जांभळं पाणी, वर म्हणतात स्ट्राँग असला की लवकर बरा होईल. पाय तपकिरी झाले ते झाले, वर कातडी भाजली आणि ऐन लावणीत आठ दिवस घरात. स्ट्राँग म्हणजे चांगलं हा आपल्याकडे सगळ्यांचाच गैरसमज. स्पिरिटसुद्धा ९५% पेक्षा ७०% चं जंतू जास्त मारतं कारण त्याला काम करायला पाणी लागतं.

दुसरी इन्सुलिनची, आणि ही मात्र कृपा करून चौकटीत छापा. आमच्या वाडीतल्या एक आजी, वय ऐंशीच्या पुढे, रोज २० युनिट. मुलगा मुंबईला. गणपतीला आला तेव्हा आईसाठी दोन डझन सिरिंज घेऊन आला, मोठ्या प्रेमाने. अनंत चतुर्दशीनंतर आठवड्याभरात आजींची साखर ४०० च्या वर. मला बोलावलं तर आजी म्हणतात, "अगो सुई तर रोज घेतंय, मगे साखर कशी वाढता?" मी सिरिंज हातात घेतली, टोपी नारिंगी. आजींची बाटली ४० ची, म्हणजे १ मिलीत ४० युनिट, आणि मुलाने आणलेली सिरिंज १०० ची. ४० च्या सिरिंजची टोपी लाल असते. आता बघा, ४० च्या सिरिंजवर २० ची रेष म्हणजे अर्धा मिली. १०० च्या सिरिंजवर २० ची रेष म्हणजे ०.२ मिली. ०.२ मिलीत ४० च्या बाटलीतले ८ च युनिट येतात. आजी रोज २० समजून ८ घेत होत्या. हे तरी एक वेळ परवडलं, उलटं झालं असतं, १०० चं इन्सुलिन आणि ४० ची सिरिंज, तर २० च्या रेषेवर ५० युनिट गेले असते आणि म्हातारी सकाळी उठली नसती. इथे पण बघा, भांडं बदललं आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही. मुलाचा काय दोष, मेडिकलवाल्याने विचारायला पाहिजे होतं बाटली कुठली आहे. म्हणून चाकरमान्यांनो, सिरिंज आणताना बाटलीचा फोटो घेऊन जा.

ज्या पत्रलेखकांनी मुलींची टिंगल केली त्यांना एक रात्र दाखवायची होती मला. पाऊस असा की समोरचं दिसत नाही, लाईट गेलेली, पहिलटकरीण, आठव्या महिन्यात झटके. गोव्याला बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं ठरलेलं पण १०८ यायला वेळ होता आणि त्याआधी मॅगसल्फ द्यायचं, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, झटके थांबवायचं औषध. अँप्युल ५०% चं, २ मिली, म्हणजे १ ग्रॅम. शिरेतून ४ ग्रॅम द्यायचं पण ५०% चं तसंच नाही, २०% करून. टॉर्च एका मावशीच्या हातात. माझ्याबरोबर नवीन लागलेली पोर होती, हात थरथरत होते तिचे, पण तोंडाने मोठ्याने म्हणत होती, "चार अँप्युल, आठ मिली, बारा पाणी, वीस झाले." ५० गुणिले ८ चारशे, २० गुणिले २० चारशे, जुळलं. निदान पाच मिनिटं लावून हळूहळू दिलं. मग कमरेत दोन्ही बाजूंना पाच-पाच ग्रॅम, ते मात्र पाणी न घालता ५०% चंच, एका बाजूला १० मिली. एकच औषध, एकच अँप्युल, एकदा पाणी घालून एकदा न घालता, आणि उलटं केलं तर काय होईल त्याचा विचार नको. बाई वाचली, बाळ पण. त्या पोरीने सूत्र नव्हतं मांडलं, 'वीस झाले' हे पाठ होतं तिला, कारण लेबर रूमच्या ट्रेवर चिकटपट्टीवर पेनने लिहून ठेवलेलं, ४ अँप + १२ पाणी = २० मिली. तिनेच लिहिलेलं, ड्युटीवर आली त्या पहिल्या आठवड्यात.

विहिरीचं पण जाता जाता. हजार लिटरला अडीच ग्रॅम टीसीएल हे बहुतेक जलसुरक्षकांना माहीत असतं. पण विहीर हे भांडं असं आहे की ते दर महिन्याला वेगळं. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत मे महिन्यात दोन मीटर पाणी असेल तर साधारण १४ हजार लिटर, ३५ ग्रॅम पावडर. त्याच विहिरीत जुलैत सहा मीटर पाणी आलं की ४२ हजार लिटरच्या वर, पावडर पण १०६ ग्रॅम लागणार. टाकली जाते ती मे महिन्याचीच मूठ, आणि मग आमच्याकडे जुलाब-उलटीचे पेशंट वाढतात तेही जुलैतच. काठीला दोरी बांधून पाणी किती आहे ते बघायला पाच मिनिटं लागतात हो, आणि तासाभराने ओटी टेस्टला (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची तपासणी) पिवळा रंग आला की नाही ते बघायला अजून दोन.

तर माझं म्हणणं एवढंच की नर्सिंग शाळांनी पहिल्या वर्षी पहिल्या महिन्यात हे भांड्यावरून शिकवावं, खऱ्या बादल्या, खऱ्या सिरिंज, आणि परीक्षेत '१:४ करा' असा प्रश्नच घालू नये, 'एकूण इतके मिली करा' असं विचारावं. वॉर्डातले कागद मराठीत लिहावेत. त्याला पैसे लागत नाहीत, एक ऑइलपेंटचा छोटा डबा पुरतो.

आणि पत्र छापणार असाल तर एक विनंती. मागे एकदा माझं आरोग्यावरचं पत्र छापलंत तेव्हा ०.५ मिली चं टिंब गेलं आणि ०५ मिली छापून आलं, मला चार जणींचे फोन आले. म्हणूनच आम्हाला शिकवतात की टिंबाच्या आधी शून्य घालायचंच आणि पूर्ण आकड्यापुढे टिंब-शून्य घालायचं नाही, ५.० लिहिलं की घाईत ५० दिसतं. तर या खेपेला प्रूफ वाचणाऱ्यांना सांगा, शब्द हवे तेवढे कापा पण आकड्यांना हात लावू नका, आणि इन्सुलिनच्या भागातलं ०.२ तर दोनदा तपासा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, ता. कुडाळ